चंद्रावर उतरलेले ‘आपण’

२३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या फोनवर जितके मेसेज आले त्या सगळ्यांचं क्रियापद एकाच घरातलं होतं. ‘पोचलो रे!’ ‘उतरलो!’ ‘जिंकलो!’ ‘इस्रोने यान उतरवलं’ असं कुणीच लिहिलं नाही. यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक ते बघत होते. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी सोल्डरिंग गनसुद्धा हातात धरली नसेल, तरी सगळेच्या सगळे चंद्रावर उतरले होते. मीही उतरलो होतो. आमच्या ऑफिसात कुणीतरी पेढे मागवले, आणि ज्याचं त्या दिवशी डेमोमध्ये हसं झालं होतं तोही दोन पेढे खाऊन खूश झाला.

मराठीत या बाबतीत एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. इंग्रजीतला ‘वी’ कुणाला धरून आणि कुणाला वगळून, ते नुसत्या शब्दावरून कळत नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत. ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’ यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो, कारण दुसऱ्या वाक्यात त्यालाही ताट मिळणार असतं. (मुंबईच्या हिंदीत ‘अपुन’ आहे, पण तो बिचारा एकटाच असतो.) त्या संध्याकाळचा प्रत्येक ‘उतरलो’ हा ‘आपण’वाला होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय की हा ‘आपण’ बनतो कसा, आणि त्यात नक्की कोणाकोणाला ताट मिळतं. अंतराळातल्या शर्यतीचा इतिहास मी त्यासाठीच वाचत गेलो. नाहीतर आमच्या वयाच्या बऱ्याच जणांसाठी तो इतिहास म्हणजे क्विझमधले चार प्रश्न.

पहिली गोष्ट लगेच दिसते. ‘आपण’ पटकन बनवायचा तर ‘ते’ लागतात. रशियाचं लुना-२५ हे यान ११ ऑगस्टला निघालं होतं, म्हणजे आपल्या मागून निघून आपल्या दोन दिवस आधी उतरणार होतं. लुना-२४ १९७६ साली गेलं होतं, त्यानंतर थेट हे. १९ ऑगस्टला ते चंद्रावर आदळून फुटलं. आमच्या ग्रुपवर त्याचं स्वागत ‘पहिली विकेट!’ असं झालं. त्याच्या चारच वर्षं आधी, ७ सप्टेंबर २०१९ला, आपलं ‘विक्रम’ असंच शेवटच्या क्षणी गेलं होतं, आणि तेव्हा सीमेपलीकडून आलेले विनोद वाचून याच ग्रुपला संताप आला होता. लुना-२५वर काम करणारी माणसं आपल्यासारखीच रात्री जागणारी, लॉग वाचणारी असणार. पण शर्यतीत एकदा माणूस ‘ते’ झाला की त्याचं दुःख हा आपला स्कोअर होतो.

हे आपल्याकडचं खास काही नाही. शर्यतीचा पाया घालणाऱ्यांनीच तो तसा घातला. १२ एप्रिल १९६१ला गागारिन पृथ्वीभोवती फेरी मारून आला. आठच दिवसांनी केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना एक चिठ्ठी पाठवली. तिचा आशय असा, की अंतराळात असा कुठला कार्यक्रम आहे का, ज्याचा निकाल डोळे दिपवणारा असेल आणि ज्यात आपण जिंकू शकू? चंद्र हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. प्रश्न चंद्राविषयी नव्हताच. २१ नोव्हेंबर १९६२च्या बैठकीत नासाचे प्रमुख जेम्स वेब विज्ञानाची बाजू लावून धरत होते, तेव्हा केनेडींनी त्यांना सरळ सांगितलं की मला अंतराळात तेवढा रस नाही, मला रशियनांच्या आधी पोचायचंय. या बैठकीचं ध्वनिमुद्रण २००१मध्ये खुलं झालं. हेच केनेडी २० सप्टेंबर १९६३ला संयुक्त राष्ट्रांत उभे राहून विचारत होते, की अमेरिका आणि सोव्हिएत संघ मिळून चंद्रावर का जाऊ नयेत? दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली आणि तो विषय मागे पडला.

उसन्या इच्छेचं जे होतं ते पुढे झालं. १९६९ला शर्यत जिंकली आणि १९७०मध्येच अपोलोच्या शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२च्या अपोलो-१७नंतर चंद्रावर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. उरलेली सॅटर्न-५ रॉकेटं संग्रहालयांत आडवी पडून आहेत. आमच्या धंद्यात दोन आठवड्यांच्या कामाला ‘स्प्रिंट’ म्हणतात. धावायचं, पण कुणाच्या पुढे ते कुणालाच नीट माहीत नसतं. कॉम्पिटिटरने आणलं म्हणून आणलेली फीचर्स मी स्वतः लिहिली आहेत. ती कुणी वापरत नाही, आणि कॉम्पिटिटरने काढून टाकली की आमच्याकडेही निमूटपणे काढली जातात. त्यामुळे अपोलोचा शेवट वाचताना मला आश्चर्य वाटलं नाही. ओळखीचं काहीतरी वाचल्यासारखं वाटलं.

आता हिशेबाची वही. लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. क्रांतीचा चाळिसावा वाढदिवस ७ नोव्हेंबर १९५७ला होता आणि ख्रुश्चेव्हला त्याआधी काहीतरी भव्य हवं होतं, म्हणून स्पुतनिक-२ महिन्याभराच्या आत जुळवून ३ नोव्हेंबरला उडवलं. परत आणायची सोय करायला वेळच नव्हता, म्हणून ती केली नाही. लायका काही तासांतच उष्णतेने मेली. ती काही दिवस जगली होती असंच जगाला कित्येक वर्षं सांगण्यात आलं. खरी गोष्ट २००२ला बाहेर आली. डेडलाइन पुढे ढकलता येत नाही तेव्हा काय काय कापलं जातं, हे सॉफ्टवेअरवाल्याला सांगायला नको. पण तिथे कापला गेलेला भाग जिवंत होता.

त्याच्याही मागे जायला हवं. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५चा शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन याने आधी हिटलरसाठी व्ही-२ बनवलं होतं. व्ही-२ तयार व्हायची मिटेलबाउ-डोराच्या डोंगराखालच्या बोगद्यांत, छळछावणीतल्या कैद्यांच्या हातून. त्या छावणीत साठ हजारांच्या आसपास कैदी येऊन गेले आणि निदान वीस हजार मेले. व्ही-२ आदळून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त ते बनवताना मेली. पलीकडे सोव्हिएत रॉकेटांचा जनक कोरोल्योव्ह स्वतः १९३८ साली पकडला जाऊन कोलिमाच्या श्रमछावणीत होता, आणि १९६६ला तो मरेपर्यंत जगाला त्याचं नावही सांगितलं गेलं नाही. आपल्याकडे मोबाईलवर फिरणाऱ्या रॉकेटच्या रील्समध्ये हे कधी येत नाही. तीस सेकंदांत बसत नसावं.

मग शर्यतीतून आलेलं सगळं टाकून द्यायचं का? इथे मला सोपं उत्तर नको आहे. अपोलोने ३८२ किलो दगड-माती आणली. हेतू शत्रूला हरवण्याचा होता, पण दगडाला झेंडा चिकटत नाही. १९७०च्या सुमारास आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला एक गट अपोलोच्या नमुन्यांवर काम करत होता. त्या गटातले व्ही. एस. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. शाळेच्या सहलीत तिथल्या खुर्चीत मान मागे टाकून जे आकाश मुंबईतली पोरं बघतात, त्याच्या मागे कुठेतरी केनेडींची ती चिठ्ठीही आहे. वाईट हेतूतून चांगलं फळ येऊ शकतं, आणि ते खाताना लाजायचं कारण नाही, असं माझं मत झालंय. मात्र डोराच्या वीस हजारांना हे लागू करायला गेलं की माझी जीभ अडखळते. चंद्रावरचे दगड ही त्यांच्या मरणाची भरपाई आहे असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे? त्यांना ‘आपण’मध्ये धरून कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ‘ते’ नसतानाही ‘आपण’ बनतो का, याचं एक उदाहरण आपल्याच घरात आहे. आपला अंतराळ कार्यक्रम अणुऊर्जा खात्याच्या पोटात जन्मला. १९६२मध्ये होमी भाभांच्या खात्याने विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची समिती नेमली, आणि १९७२पर्यंत हा संसार त्याच खात्याच्या छपराखाली होता. २१ नोव्हेंबर १९६३ला, केनेडी-वेब बैठकीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं नाइके-अपाची. त्यातला सोडियमच्या वाफेचा प्रयोग फ्रान्सचा. थुंब्याला हेलिकॉप्टर आणि संगणक दिला सोव्हिएत संघाने. म्हणजे क्युबाच्या अणुसंकटाला जेमतेम एक वर्ष झालेलं असताना, एकमेकांचा जीव घ्यायला टपलेले दोघेही कोळ्यांच्या एका गावात आपापलं सामान घेऊन आले होते. संध्याकाळच्या आकाशात नारिंगी ढग पसरला तो कुणाचा होता? साराभाई म्हणत आले की चंद्रावर जाण्यात किंवा माणसं पाठवण्यात पुढारलेल्या देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आम्हाला पडत नाहीत, पण माणसाच्या खऱ्या प्रश्नांसाठी तंत्रज्ञान वापरण्यात आम्ही मागे राहता कामा नये. १९६८ला इंदिरा गांधींनी थुंबा केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केलं. १९७५-७६मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून आपल्या २,४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे टीव्ही कार्यक्रम दाखवले गेले, आणि त्याच १९७५ला आपला आर्यभट सोव्हिएत रॉकेटने वर गेला. दोन्ही बाजूंच्या ताटात जेवायचं आणि कुणाच्याही टीममध्ये खेळायचं नाही. याला कुणी धूर्तपणा म्हणेल. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

(त्या काळचे दोन फोटो नेहमी फिरतात, सायकलवरचा रॉकेटचा भाग आणि बैलगाडीवरचा उपग्रह. खाली ‘गरिबीतून चंद्रावर’. बैलगाडीवरचा तो ॲपल उपग्रह १९८१चा. अँटेनाच्या चाचणीत आजूबाजूला धातू नको होता म्हणून लाकडी गाडी आणली होती. तो इंजिनियरिंगचा निर्णय होता, त्यावर डोळे पुसू नका.)

पण थुंब्याच्या ‘आपण’लाही एक कड आहे. रॉकेट तळाला कशी जागा लागते? विषुववृत्ताच्या जवळ, समुद्राकाठी, रॉकेट पडलं तर पाण्यात पडेल अशी. चौथी अट कागदावर नसते : तिथे राहणारी माणसं हलवता आली पाहिजेत. थुंब्याजवळचं पळ्ळीतुरा हे मासेमारांचं गाव हललं. निदान तिथे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्यामार्फत लोकांना विचारलं गेलं, आणि त्यांनी आपलं सेंट मेरी मॅग्दलीन चर्चसुद्धा दिलं. सुरुवातीचं ऑफिस त्या चर्चमध्येच थाटलं, आज तिथे अंतराळ संग्रहालय आहे. श्रीहरिकोटा बेटावरच्या यानादी आदिवासींच्या वाट्याला एवढाही मान आला नाही. फ्रान्सला अल्जीरिया सोडावा लागल्यावर त्याने दक्षिण अमेरिकेतलं कुरू निवडलं, तिथल्या क्रिओल कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. बैकोनूरहून उडणाऱ्या रॉकेटांचे रिकामे टप्पे कझाकस्तानच्या गवताळ रानात पडत आले, काहींमध्ये उरलेलं विषारी इंधन असायचं. देश कुठलाही असो, विचारसरणी कुठलीही असो, या चौथ्या अटीत कधी शर्यत झाली नाही. तिच्यात सगळे बरोबरीने धावले.

मी माहुलला राहतो, म्हणून मला हे बहुधा जरा लवकर दिसतं. १९५०च्या दशकात, पाच-सहा वर्षांच्या अवधीत, ट्रॉम्बेच्या टेकडीभोवती दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि अणुसंशोधनाचं केंद्र आलं, ज्यातली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झाली. नव्या देशाला घाई होती, आणि ती घाई खोटी नव्हती. मधल्या फटीत माहुल गाव, खाडी, थंडीत चिखलात उतरणारे फ्लेमिंगो. रात्री आमच्या गच्चीवरून चिमणीच्या टोकाची ज्योत दिसते. लहानपणी मी पाहुण्यांना ती ‘रॉकेट’ म्हणून दाखवायचो. १८ डिसेंबर २०१५च्या निकालात राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाडा भागातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. त्यानंतर, आधी नव्हे, २०१७मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून तिथली हजारो कुटुंबं माहुलच्याच ७२ इमारतींकडे पाठवायला सुरुवात झाली. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की इथे यायची सक्ती कुणावर करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. या लोकांचं सरकारी नाव ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रहणातला ‘ग्रास’ आणि यातला ‘ग्रस्त’ एकाच धातूतून आलेत. ग्रहण निदान सुटतं.

आता इथवर आल्यावर ‘चांद्रयानाच्या ६१५ कोटींत किती संडास झाले असते’ हे वाक्य येईल असं तुम्हाला वाटलं असेल. मला ते वाक्य आवडत नाही. चांद्रयान रद्द झालं असतं म्हणून माहुलची हवा एका कणानेही सुधारली नसती. इथे पैसा कमी नाही. माझ्या खिडकीसमोरून रोज टँकर भरभरून पैसाच जातो. मुंबईत कुठेही उग्र वास सुटला की ‘माहुलकडे काही झालं का’ विचारतात, आणि इथे सुटला की ‘तिथल्या लोकांना सवय असेल’ म्हणतात. पहिल्या वाक्यात काळजी स्वतःची आहे, दुसऱ्यात सर्वनाम बदललंय. अडतंय ते नेमकं तिथे. चंद्रावर उतरताना माझ्या वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या आजी ‘आपण’मध्ये होत्या, टीव्हीसमोर हात जोडून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा ‘तिथले लोक’ झाल्या.

उलट बाजूने पाहिलं तर त्या ‘उतरलो’मध्ये खरोखर हक्काने बसणारे कितीतरी लोक आपल्याला माहीतच नाहीत. चांद्रयान-३च्या रॉकेटला लागणारी विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतात. त्याच्या दोन बाजूंच्या अवाढव्य बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात तयार झाले, जिथे आधी साखर व्हायची. विकास इंजिनात इंधन जाळायला डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड लागतं. ते बनवणारा एक प्लांट आमच्यापासून खाडीपलीकडे, पनवेलच्या पुढे रसायनीत आहे. तिथली सरकारी केमिकल कंपनी तोट्यात गेली, तेव्हा २०१७मध्ये केंद्राने बाकीचे प्लांट बंद करायचं ठरवलं आणि एवढा एक इस्रोकडे सोपवला. लालसर तपकिरी वाफ सोडणारं, फुप्फुसं जाळणारं रसायन आहे ते. तिथे शिफ्ट करणारा ऑपरेटर २३ ऑगस्टच्या रात्री ‘आम्ही उतरवलं’ म्हणाला असता तर ते शब्दशः खरं ठरलं असतं. टाळ्या वाजवणाऱ्या आपल्याला ‘आपण’ म्हणायची मुभा त्याने दिली, असं मी समजतो.

वसंत गोवारीकरांबद्दल वाचताना मला या सगळ्यात एक वेगळाच धागा सापडला. पुण्याचा हा माणूस साठच्या दशकात इंग्लंड सोडून थुंब्याला आला, रॉकेटच्या घन इंधनावर आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, विक्रम साराभाई केंद्राचा संचालक झाला. त्यानंतर काय केलं? १९८८ला सोळा घटकांवरून मान्सूनचा अंदाज बांधणारं मॉडेल. आणि उतारवयात खतांचा कोश. पावसाला प्रतिस्पर्धी देश नसतो. युरियात कुणाला हरवता येत नाही. त्या मॉडेलचे अंदाज पुढे चुकलेही, २००२च्या दुष्काळाने ते उघडं पाडलं, आणि मॉडेल बदलावं लागलं. पण रॉकेटवाल्याने शेतकऱ्याच्या आकाशाकडे वळणं मला चांद्रविजयाइतकंच मोठं वाटतं. त्याचं थेट प्रक्षेपण मात्र कधी होणार नाही. लक्ष लागून राहावं अशी फिनिश लाइनच नाही त्याला.

राहता राहिलं सूड की सहकार्य, हा प्रश्न. १९९१ला आपण रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिनाचा करार केला होता. मे १९९२मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवरही निर्बंध घातले. रशियाने मग तयार इंजिनं दिली, तंत्रज्ञान दिलं नाही. आपलं स्वतःचं इंजिन घेऊन केलेलं पहिलं उड्डाण १५ एप्रिल २०१०ला फसलं, ५ जानेवारी २०१४ला जमलं. एवढ्या वर्षांत ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यावरचा राग हे इंधन म्हणून कामी आलं असेल, नाही कशाला म्हणा. आणि ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोटाहून त्याच जातीच्या रॉकेटने, वरच्या टप्प्यात आपलंच क्रायोजेनिक इंजिन लावून, जो उपग्रह वर नेला तो निसार. त्यातलं एक रडार नासाचं आहे, एक इस्रोचं. दर बारा दिवसांनी तो पृथ्वीवरची जवळपास सगळी जमीन पुन्हा तपासतो, सेंटीमीटरभर खचली तरी त्याला कळतं, आणि त्याचा डेटा कुणालाही फुकट मिळतो.

त्या पट्ट्यात खाडीचा चिखल येतो, भराव येतो, तेलाच्या टाक्या येतात, ७२ इमारती येतात. हवेत काय आहे ते मात्र रडारला दिसत नाही. ते मोजायचं यंत्र कुणीतरी इथल्याच एखाद्या खांबावर चढून बसवावं लागतं, आणि रोज वाचावं लागतं.